सहाशे अकराच्या आत

नेमिनाथ ऊर्फ नेमाण्णा चौगुल्यांनी सत्तावीस वर्षांत लोकोदय पक्षासाठी जे काही केलं, त्यातलं निम्मं खोटं होतं आणि निम्मं निरुपयोगी. एक गोष्ट मात्र खरी होती, निदान त्यांना तसं वाटे. मतदानाच्या दिवशी पहाटे उठून, अंघोळ उरकून, इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवून ते ढवळपेठेच्या गल्ल्यांतून दारोदार फिरत आणि माणसं घराबाहेर काढत. कुणाला मत द्या हे ते शेवटी सांगत. आधी नुसतं "चला" म्हणत. त्यांची बायको पद्मजा हिचं पक्षाबद्दलचं मत चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. पण या एका कामासाठी तिला नवऱ्याचा आदर होता. "बाकी तुमचं काय बघाय नको, पण एवढं एक चांगलं करतासा," असं ती दर निवडणुकीला म्हणायची, आणि नेमाण्णा त्या एका वाक्यावर पुढची पाच वर्षं काढायचे.

२०४३ साली दक्षिण विभागाच्या संसदेची निवडणूक झाली. राज्याचे विभाग पाडून प्रत्येकाला आपली संसद दिली, त्यानंतरची ही दुसरी खेप. या पद्धतीत मत माणसाला द्यायचं नसतं, पक्षाच्या यादीला द्यायचं असतं. पक्षाला शंभरातली जितकी मतं, तितक्याच प्रमाणात दीडशेतल्या जागा. कागदावर फार न्यायाचं दिसतं. प्रत्यक्षात फरक एवढाच पडला की पूर्वी जो चोर निवडून यायचा त्याचं तोंड तरी ओळखीचं असायचं; आता यादीच्या घडीत लपून भलतेच येऊ लागले. शिवाय एक अट होती. एकूण मतांपैकी पाच टक्के तरी मिळाली पाहिजेत, नाहीतर त्या पक्षाला एकही जागा नाही. पुढचा सगळा तमाशा या अटीपायी झाला.

लोकोदयचा जोडीदार होता माळरान आघाडी नावाचा एक चिमुकला पक्ष. त्याच्या आठ जागांशिवाय लोकोदयचं सरकार बसत नव्हतं. मतदान संपल्यावर विभागातल्या सगळ्या यंत्रांनी आपापली बेरीज सांगून टाकली. एकट्या ढवळपेठेच्या शाळेतलं यंत्र सकाळीच बंद पडलं होतं, तिथं आठवड्यानं फेरमतदान ठेवलं. बाकी सगळीकडची मिळून मतं झाली ८४,३१,०४९. त्यातली माळरानची ४,२१,५८३. आता माळरानला पाच टक्के पडायला हवे असतील, तर एकूण मतं ८४,३१,६६० च्या पुढं जाता कामा नयेत. म्हणजे ढवळपेठेत सहाशे अकराच्या वर एक जरी मत पडलं, की माळरान बुडाली आणि तिच्याबरोबर लोकोदयही. ते मत कुणालाही पडो. लोकोदयला पडलं तरी लोकोदय बुडणार.

मग ढवळपेठकरांनी सरळ माळरानलाच मतं द्यावीत की, असं कुणीही म्हणेल. तीही सोय नव्हती. यादी प्रत्येक जिल्ह्यात वेगळी भरायची असते. या जिल्ह्यात अर्ज घ्यायची मुदत दुपारी तीनपर्यंत होती, आणि माळरानच्या अध्यक्षांना ज्योतिषानं मुहूर्त काढून दिला होता तीन वाजून सात मिनिटांचा. अध्यक्ष कचेरीच्या दारात वाजतगाजत अर्धा तास आधी येऊन उभे राहिले, घड्याळाकडे बघत राहिले, आणि बरोबर मुहूर्तावर आत गेले. त्यामुळे ढवळपेठेच्या यंत्रावर माळरानचं चिन्हच नव्हतं. अशा माणसांच्या हातात आठ जागा, आणि त्या आठ जागांवर एका विभागाचं सरकार.

फेरमतदानाच्या चार दिवस आधी नेमाण्णांना जिल्ह्याच्या कचेरीत बोलावणं आलं. जिल्हाध्यक्ष रणधीरदादा खुर्चीत होते आणि त्यांच्या शेजारी पुण्याहून आणलेला ऋत्विज नावाचा सल्लागार. वय अठ्ठावीस, पायात बूट पण मोजे नाहीत, आणि सगळ्यांना "सर" म्हणायची अशी सवय की त्यातून कुणाचाच मान राखला जाऊ नये.

"सर, तुमच्या बूथवर अकराशे बेचाळीस मतदार आहेत," ऋत्विज म्हणाला. "आहे तसं सोडलं तर आठशे चौऱ्याहत्तर येतील. आपल्याला सहाशे अकराच्या आत हवेत. दोनशे त्रेसष्ट माणसं घरी बसवायची आहेत."

"माणसं काढाय सांगा, काढतो," नेमाण्णा म्हणाले. "बसवायची कशी? आन् आठशे चौऱ्याहत्तर कुणी मोजली?"

"मतछायेनं."

मतछाया हे प्रकरण असं होतं. पूर्वीचे पाहणीवाले लोकांना विचारायचे, मत कुणाला देणार? लोक तोंडाला येईल ते सांगायचे. मग काही गणितज्ञांनी विचारणंच सोडून दिलं. माणूस काय बोलतो ते बघायचं नाही, कसा वागतो ते बघायचं. घरचं विजेचं मीटर किती वाजता फिरू लागतं, फोन दिवसभरात कुठून कुठं जातो, दूध कधी येतं, सणाला कुणाच्या घरी जाणं होतं, गेल्या चार मतदानांना किती वाजता शाई लागली. एवढ्या माहितीवर प्रत्येक मतदाराची एक गणिती छाया तयार करायची, आणि मतदानाचा दिवस त्या छायांकडून यंत्रात हजार वेळा जगवून घ्यायचा.

त्यातून जे कळलं ते माणसाच्या अब्रूला बरं नव्हतं. मतदानाला जायचं हे बहुतेक माणसं स्वतः ठरवतच नाहीत. शेजारची दोन जाताना दिसली की तिसरा चपला घालतो. कुणाला एक दिसावा लागतो, कुणाला सहा, आणि ही ज्याची त्याची संख्या काढता येते. एकदा ती काढली की दिसतं, गावात मोजकी चार-सहा माणसं अशी असतात की ती उठली की बाकीची आपोआप उठतात. गणितज्ञ त्यांना बिजागरी म्हणत. दार कितीही मोठं असो, फिरतं ते बिजागरीवर. बिजागरी घरी बसवा, तिच्यामागची तीसचाळीस घरी बसतात, आणि आपण घरी का बसलो हे त्यांना कळतसुद्धा नाही.

"ढवळपेठेत अशा सात आहेत," ऋत्विजनं पडदा पुढं केला. "सातही बायका. त्यातल्या सहाजणी तुमच्या पन्नाप्रमुखांच्या मिसेस. सातव्या तुमच्या. पद्मजा नेमिनाथ चौगुले. आकडा सदतीस. त्या गेल्या की सदतीस बायका जातात. बस्तीतली पूजा उरकून साडेदहाला एकत्र निघतात, बरोबर ना?"

बस्ती म्हणजे गावातलं जैन मंदिर, आणि पन्नाप्रमुख म्हणजे मतदारयादीचं एकेक पान सांभाळणारा कार्यकर्ता. बरोबरच होतं. नेमाण्णांना मात्र त्या सदतीसच्या पुढचं काही ऐकू आलं नाही. त्यांनी जरा खाकरून विचारलं, "आन् माझा आकडा?"

ऋत्विजनं बोट फिरवलं. "शून्य."

"न्हाई, नीट बघा. चौगुले नेमिनाथ भूपाल. सत्तावीस वर्षं मी दारोदार..."

"तेच बघतोय, सर. तुम्ही ज्यांच्या दारी जाता ते तुम्ही नाही गेलात तरी येतात. जे येत नाहीत ते तुम्ही जाऊनही येत नाहीत. यंत्रानं तुम्हाला वगळून हजार वेळा मतदान घेतलं, एकाही मताचा फरक नाही."

रणधीरदादा मोठ्यानं हसले. नेमाण्णाही हसले, कारण दादा हसले की हसायचं हा सत्तावीस वर्षांचा सराव होता. पण आत काहीतरी कायमचं बिघडलं. आपण शून्य याचं दुःख त्यांना झालंच. त्याहून जास्त दुःख झालं ते बायको सदतीस याचं. दादांनी लगेच विभागीय पाणी मंडळाच्या सदस्यपदाचा शब्द दिला, गाडी आणि शिपायासकट. नेमाण्णांनी पुढं आयुष्यभर स्वतःला सांगितलं की आपण गाडीसाठी हो म्हणालो. ते खरं नव्हतं. त्या सदतीसमधली हवा काढायची संधी मिळाली म्हणून ते हो म्हणाले.

बायकोला खरं सांगून घरी बसायला सांगावं, हा विचार खोलीतल्या तिघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. यंत्राला विचारलं, या बाईला घरी कसं थांबवायचं? यंत्रानं पाहुणे, नळाचं पाणी, गुडघेदुखी असं सगळं तपासलं आणि शंभरात सत्त्याण्णव खात्रीचा उपाय दिला: नवऱ्याच्या छातीत दुखणं, डावीकडे, सकाळी साडेआठच्या सुमारास. काय बोलायचं तेही लिहून दिलं.

फेरमतदानाच्या दिवशी पद्मजा पूजेचं ताट भरत असताना नेमाण्णा कॉटवर आडवे झाले.

"काय हुतंय?" ती ताट ठेवून आली.

"छातीत. हितं, डावीकडं. जातं ठेवल्यासारखं वाटतंय."

तिनं दवाखान्यात फोन केला, त्यांची बटणं सोडली, पंखा लावला, आणि बस्तीतल्या बायकांना कळवलं की मी येत नाही, तुमचं तुम्ही बघा. बायकांनी काय बघायचं? त्या पूजा करून आपापल्या घरी गेल्या.

तासाभरानं सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर नाझनीन मुल्ला आल्या. त्यांनी छातीवर हृदयाचे ठोके नोंदवणारी पट्टी चिकटवली. "आत्ता तरी काही दिसत नाहीये. पण पट्टी संध्याकाळपर्यंत राहू दे, आणि यांना एकटं सोडू नका. मी पाचला परत येते," असं सांगून त्या घाईनं गेल्या. त्यांना आणखी कुठंतरी जायचं होतं.

दिवसभर पद्मजा कॉटशेजारी स्टुलावर बसून होती. बाहेर विरोधी नवनिर्धार पक्षाच्या सर्जेराव खोतानं वेगळाच धुमाकूळ घातला होता. मतछाया विकणाऱ्या कंपनीनं तीच मतछाया त्यांनाही विकली होती. धंदा म्हटल्यावर एकाच गिऱ्हाइकावर कसं भागेल? सर्जेराव रिक्षावर भोंगा लावून फिरत होता. जन्मभर ज्यानं लोकोदयच्या नावानं बोटं मोडली तो ओरडत होता, "लोकोदयलाच द्या, पण मत द्या! सहाशे अकराच्या वर एक मत पाडा! ह्यांचाच पक्ष तुम्हास्नी घरात डांबतोय, मायबाप! फुकट रिक्षा हाय, बसा!" ढवळपेठेत आजवर अशी वेळ आली नव्हती की शत्रू मतं मागतोय आणि मित्र नको म्हणतोय. लोक खिडकीतून बघत, हसत, आणि कुणी जाताना दिसत नाही म्हणून स्वतःही जात नसत.

"त्या सर्जेरावला लाज न्हाई," पद्मजा नेमाण्णांच्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. "म्हणं तुमचा पक्ष लोकास्नी मत देऊ नका म्हणतोय. आज तुम्ही उठून फिरला असतासा तर त्याचं तोंड बंद झालं असतं."

नेमाण्णांनी डोळे मिटून घेतले. त्या क्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली होती, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण ती पाच मिनिटंच टिकली. मग उशीखालचा फोन थरथरला. तीन वाजेपर्यंत चारशे ऐंशी. हिशोब बरोबर चालला होता आणि त्यांना डुलकी लागली.

पाचला डॉक्टर मुल्ला परत आल्या तेव्हा शाळेत पाचशे चौऱ्याहत्तर मतं झाली होती. तासच उरला होता. डॉक्टरांनी पट्टीवरची नोंद पाहिली, मग स्टूल ओढून बसल्या. दिवसभर पायपीट करून त्यांचं डोकं उठलं होतं.

"चौगुलेबाई, तुमच्याकडे पिण्याचं पाणी कुठून येतं?"

"नळाचं. का वो?"

"सकाळपासून या गावात सात जणांच्या छातीत दुखतंय. सगळे पुरुष. सगळ्यांना डावीकडे, सगळ्यांना साडेआठ ते नऊच्या दरम्यान. आणि सातही जण म्हणतात की छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटतंय. मला जातं म्हणजे काय ते दुसऱ्या पेशंटला विचारावं लागलं. सातही नोंदी अगदी स्वच्छ आहेत. मला आधी विषबाधा वाटली. पण घरातल्या बायका ठणठणीत."

यंत्राची चूक म्हणावी तर ती चूकही नव्हती. सात घरांसाठी सात वेळा त्याला विचारलं होतं, या बाईला थांबवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय कोणता? त्यानं प्रत्येक घर वेगळं धरून प्रामाणिकपणे उत्तर काढलं, आणि सातही वेळा तेच आलं, कारण सातही बायका नवऱ्यावर सारख्याच विसंबून होत्या. सात कागद एकाशेजारी एक ठेवून एकदा वाचावेत, एवढी तसदी मात्र पुण्याच्या सल्लागारानं घेतली नाही, जिल्हाध्यक्षांनी घेतली नाही, आणि सात नवऱ्यांपैकी कुणी दुसऱ्याला विचारलं नाही. जातं हा शब्द बदलून पोतं म्हणायची अक्कलही कुणाला सुचली नाही.

डॉक्टर गेल्यावर पद्मजानं दाराला टेकून बोटांवर मोजलं. "भरतेशची बायको आज बघाय आली न्हाई. शांतिनाथची न्हाई. महावीर मगदुमाची न्हाई..." सहा नावं झाली. सहाही पन्नाप्रमुखांची घरं. बाहेर सर्जेरावचा भोंगा पुन्हा गल्लीत शिरला होता आणि तो सहाशे अकराचंच रडगाणं गात होता.

ती कॉटपाशी आली. "उठा."

"पद्मा, अजून जरा..."

"पट्टीत काय दिसत न्हाई म्हणाल्या डॉक्टरीणबाई. उठा, बसा आन् माझ्याकडं बघून सांगा. दुखतंय?"

नेमाण्णा उठून बसले. बघायचं मात्र जमलं नाही.

"मला सांगायचं हुतंसा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त भीती वाटली. "म्हणायचं, पद्मा, आज जाऊ नको, आपलं सरकार जातंय. भांडले असते मी. पण कदाचित ऐकलं पण असतं."

तिनं चपला घातल्या आणि ती बाहेर पडली. कुणाला हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. गल्लीच्या मधोमध सरळ शाळेकडं चालू लागली. पहिल्या घरातून सुजाता निघाली, "अक्का, अण्णांचं कसं हाय?" म्हणत, आणि उत्तर मिळालं नाही तरी बरोबर चालू लागली. मग तिची जाऊ. मग समोरच्या दोघी. ओढणी सावरत, हातातली कणीक पुसत बायका दारांतून बाहेर येत गेल्या.

नेमाण्णा शर्टाची बटणं न लावताच मागं धावले. छातीवरची पट्टी तशीच होती आणि आता खरोखरच लाल दिवा दाखवत होती. "थांबा! अवो, उद्या... सुजाता, थांब जरा! पद्मा!" सत्तावीस वर्षांत ते या गल्लीत इतक्या कळकळीनं कधी ओरडले नव्हते. एकही बाई थांबली नाही. सर्जेरावनं भोंगा बंद केला आणि तो रिक्षाला टेकून हे बघत राहिला, हसत.

सहाच्या ठोक्याला शाळेचं फाटक बंद झालं आणि आत रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटल्या. पद्मजा धरून अडतीस बायका. त्याआधीची मतं पाचशे एक्क्याण्णव. एकूण सहाशे एकोणतीस. यंत्रानं लगेच बेरीज सांगितली: माळरान आघाडीला पाच टक्क्यांना एक मत कमी पडलं. एक. आठ जागा गेल्या, सरकार गेलं. रणधीरदादांनी नेमाण्णांचा फोन उचलला नाही. ऋत्विज तोवर नवनिर्धारच्या विजयी सभेत पोचला होता, आणि तिथंही सगळ्यांना "सर" म्हणत होता.

पद्मजा घरी आली तेव्हा दिवस मावळला होता. ती सूर्यास्तानंतर जेवत नसे, त्यामुळे आज तिला उपास पडला. तिनं नेमाण्णांचं ताट मात्र वाढलं आणि समोर ठेवलं.

"एका मतानं गेलं," नेमाण्णा म्हणाले. "एका. कुणाला दिलंस तू?"

"तुमच्याच पक्षाला. लगीन झाल्यापास्नं दुसऱ्या कुणाला दिलंय?"

"मग का गेलीस? त्या सदतीस बायका तुझ्या मागनं येणार हे ठाऊक हुतं तुला."

"न्हवतं. मागं वळून बघितलंच न्हाई मी."

नेमाण्णांना राग आला. दिवसभर साचलेली लाज अशा माणसांच्यात शेवटी रागच होऊन बाहेर पडते. ते म्हणाले, "नवऱ्याची काय किंमत हाय का न्हाई तुला? पाणी मंडळ गेलं, पक्षात तोंड दाखवायची सोय ऱ्हाली न्हाई. माझा एवढा तरी विचार करायचा हुतास."

पद्मजानं पाण्याचा तांब्या ताटाशेजारी ठेवला.

"सकाळी तुम्ही डोळं मिटून पडला हुतासा तवा केला की विचार," ती म्हणाली. "देवाला म्हटलं, माझ्या आयुष्यातली दहा वर्षं ह्यास्नी दे. शाळेतनं येताना बस्तीत गेले आन् ती परत मागून घेतली."